दोन-चार अंशांचा सांधा

रात्री कूस बदलायला मला चार पायऱ्या लागायच्या. आधी जाग यायची, ती दुखण्यानंच. मग डावा गुडघा हळूच वर घ्यायचा. मग उजव्या हातानं पलंगाची कड घट्ट धरायची. आणि मग श्वास रोखून, दार चौकटीतून उचलून फिरवावं तसं अख्खं धड एकदम फिरवायचं. खांदे पुढे गेले आणि कंबर मागे राहिली, की डाव्या कुल्ल्यात खोल कुठेतरी अशी कळ उठायची की तोंडातून आवाज निघायचाच. शेजारून हे झोपेत विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायचे, "कूस." हे "हां" म्हणायचे आणि परत घोरायला लागायचे. पाच-सहा वर्षं आमचा रात्रीचा संवाद एवढाच होता.

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये एका मॅडमनी, कुणी ऐकत नाही ना ते बघून, हळूच विचारलं, "तुम्ही पाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं ना? घ्यावं का हो?" त्यांच्या दिराला सुचवलंय म्हणे. सुट्टी दहा मिनिटांची. घंटा झाली तेव्हा मी अजून माझ्या सिझरपर्यंतच पोचले होते. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

तर सिझर. मुलगी २०१२ ची. ती वर्षाची होईतो सकाळी उठताना माझी कंबर धरायला लागली होती आणि घरात, माहेरी, शाळेत, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे एकच निदान तयार होतं: "सिझरला पाठीत सुई दिली होती ना? मग झालं." आपल्याकडे हे वाक्य सातबाऱ्यावर चढवल्यासारखं पक्कं आहे. भूल देणारी ती सुई अगदी बारीक असते, टोचल्या जागी चार-आठ दिवस ठणकू शकतं, पण तिच्यानं वर्षानुवर्षं कंबर दुखत नाही, हे मला पुढे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर मी स्वतःही तेच सांगत फिरत होते. कारण आयतं मिळालं की माणूस पुढचं शोधत नाही. मी गणित शिकवते. पोरांना "उत्तर आधी लिहून मग पायऱ्या जुळवू नका" म्हणून ओरडते, आणि स्वतः आठ वर्षं नेमकं तेच करत बसले होते.

खरं तर दुखण्याची चालच वेगळी होती. ज्या दिवशी सहा तास उभ्यानं घेतले, स्नेहसंमेलनात पोरांच्या मागे धावले, त्या दिवशी कंबर बरी असायची. रविवारी जरा लोळले की सोमवारी सकाळी फरशीवर पाय टेकवायला नको व्हायचं. दहावीचे पेपर तपासायला तीन तास बसले की उठताना टेबलाला धरून म्हातारीसारखी उभी राहायचे आणि दहा पावलं चालल्यावर माणसात यायचे. पहाटे तीन-चारला जाग ठरलेली. गरम पाण्याची आंघोळ झाली, केर-भांडी झाली, की गाडी रुळावर. सगळ्यांचा सल्ला मात्र एकच: विश्रांती घ्या. मी विश्रांती घ्यायचे आणि दुखणं वाढायचं.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, मिरजेला. मिरज म्हणजे आमच्या भागाचं दवाखान्यांचं गाव. एक्स-रे झाला, पट्टा झाला, वजनं लावून झाली, कॅल्शियम झालं. २०१६ ला कमरेच्या मणक्यांचा एमआरआय झाला आणि त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी किंचित फुगलेली निघाली. झालं, कारण सापडलं! अशी फुगलेली गादी काहीच न दुखणाऱ्या कितीतरी माणसांत दिसते, हे मला माहीत नव्हतं. आणि माझा दुखरा सांधा त्या तपासणीत नीट दिसतच नाही, त्याच्यासाठी वेगळ्या कोनातून फिल्म घ्यावी लागते, हे तर त्याहून नव्हतं.

एक किस्सा इथंच सांगते, कारण पुढे लागणार आहे. २०१७ ला एका दवाखान्यात (नाव नको) मला टेबलावर पालथं झोपवून, बोटानं दाबून "इथं दुखतं ना?" विचारून कमरेत एक इंजेक्शन दिलं. ना मशीन, ना फोटो. औषधाचं नाव चिठ्ठीवर नव्हतं, मीही विचारलं नाही. दहा-बारा दिवस बरं वाटलं, पुन्हा होतं तसं. पण दोन-तीन महिन्यांनी तिथली कातडी पांढरी पडली आणि खाली खड्डा पडला, जुन्या आठ आण्याएवढा. अजून आहे. औषध सांध्यापर्यंत गेलंच नव्हतं, वरच्या चरबीतच राहिलं होतं. स्टिरॉइड उथळ राहिलं की तिथली चरबी झिजते आणि रंग जातो. हे कळलं चार वर्षांनी, पुण्यात, डॉक्टरांनी तो खड्डा बघून "हे कुणी केलं?" विचारलं तेव्हा.

पुण्यापर्यंत पोचवलं डोळ्यानं. २०२०-२१ मध्ये शाळा मोबाइलवर गेली आणि मी खुर्चीवर. दिवसाचे पाच-पाच तास बसून शिकवणं. कंबर पार आखडली. जुलै २०२१ मध्ये उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना, आतून ठणका. डोळे आले असतील म्हणून दोन दिवस गुलाबपाणी घातलं (हसू नका). डोळ्याच्या डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं आणि डोळ्याबद्दल काही न बोलता विचारलं, "कंबर दुखते का? सकाळी जास्त? चाललं की कमी होते?" मला वाटलं, यांना आमच्या घरचं कुणी भेटून गेलं की काय. डोळ्यातल्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला सूज होती, युव्हिआयटिस. कमरेच्या एका विशिष्ट संधिवाताबरोबर ती येते, हे त्यांना ठाऊक होतं. आठ वर्षं कमरेवाल्यांनी न विचारलेला प्रश्न डोळेवाल्यानं पहिल्या पाच मिनिटांत विचारला.

मग रक्ताची एचएलए-बी२७ तपासणी. पॉझिटिव्ह. इथं एक थांबा घेते, कारण हा रिपोर्ट हातात आल्यावर मी रडले होते ते उगाच. या जनुकाचा आणि या आजाराचा संबंध १९७३ साली उजेडात आला. पण हे जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. माझ्याकडून मुलीकडे ते जायची शक्यता निम्मी, आणि गेलं तरी आजार होईल याची शक्यता पुन्हा बरीच लहान. नातेवाइकांनी "पोरीची पण तपासणी करून घे" म्हणून भंडावलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, तिला काही त्रास नाही तर तपासून करणार काय? नाही केली.

पुण्यातल्या संधिवाताच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पाठीवर पेनानं दोन खुणा केल्या, बरोबर दहा सेंटिमीटरवर, आणि पुढे वाकायला लावून टेप धरली. वाकल्यावर दहाचे पंधरा व्हायला हवेत. माझे साडेबारा झाले. पाय इंग्रजी चारच्या आकड्यासारखा दुमडून गुडघा खाली दाबला आणि मी टेबलावरून उडालेच. "सापडलं," त्या म्हणाल्या.

ज्याला आपण ढोबळपणे माकडहाड म्हणतो त्याच्या वरचं, पाठीचा कणा जिथं कटीच्या हाडांत पाचरीसारखा बसतो ते त्रिकोणी हाड. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक सांधा, सॅक्रोइलियाक. डॉक्टर लोक एसआय जॉइंट म्हणतात. साडी नेसताना मागे दोन बारीक खळ्या हाताला लागतात ना, त्याच रेषेत, पण आत खोल. हा सांधा हलतो किती? दोन ते चार अंश. वर्गातला कोनमापक घेऊन बघा, त्यावरच्या दोन-चार बारीक रेघा. एवढ्याशा हालचालीसाठी माझी रात्रीची कूस अडून होती. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्या सांध्यावर धावून जात होती आणि हाडाला आतून सूज आणत होती. नव्या एमआरआयमध्ये डाव्या सांध्याच्या दोन्ही काठांना पांढरेशुभ्र ढग होते, उजव्या बाजूला जरासे. साध्या एक्स-रेत हे उमटायला वर्षं लागतात. आजाराचं नाव अ‍ॅक्सियल स्पाँडिलोआर्थ्रायटिस. पुढे वाढला आणि या सांध्यांची खराबी साध्या एक्स-रेतही दिसायला लागली की त्यालाच अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात.

इंजेक्शन लगेच नाही दिलं, हे मुद्दाम सांगते. आधी सूज उतरवायच्या गोळ्या, एटोरिकॉक्सिब, मग ती सोसेना म्हणून नॅप्रोक्सेन, सोबत पोटाची गोळी. रोज अर्धा तास व्यायाम, तोही न चुकता. दहा आठवड्यांत पाठीचा वरचा भाग मोकळा झाला, उजवी बाजू गप्प झाली. डावा सांधा मात्र वर्गात शेवटच्या बाकावरचा एखादा असतो तसा, सगळे बसले तरी हा उभाच. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "या एकाच सांध्यात स्टिरॉइड ठेवू."

नोव्हेंबर २०२१ मध्ये हा शब्द ऐकणं म्हणजे काय होतं ते आठवा. त्याच उन्हाळ्यात कोरोनातून उठलेल्या माणसांना काळ्या बुरशीनं गाठलं होतं आणि स्टिरॉइड आणि शुगर हे दोन शब्द घराघरांत जोडीनं घेतले जात होते. शिवाय आमच्या घरात एक जुनी भीती होती. यांच्या चुलत्यांनी गुडघ्यासाठी कुणा बाबाच्या पुड्या वर्षभर खाल्ल्या. गुण असा की देवच भेटला. मग तोंड भोपळ्यासारखं सुजलं, मांड्या काड्यांसारख्या झाल्या, आणि पुड्या संपल्या म्हणून एकदम थांबवल्या तर चौथ्या दिवशी अंगणात कोसळले. पुडीत काय होतं ते दवाखान्यात कळलं.

मी हे सगळं डॉक्टरांपुढे ओतलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, तुमच्या मणक्याच्या आजारात स्टिरॉइडच्या गोळ्या मी देणारच नाही, त्यांचा तिथं फारसा उपयोग नाही आणि तोटे सगळे चुलत्यांचेच. पण एका सांध्यात चाळीस मिलिग्रॅम, एकदा, ही गोष्ट वेगळी. थोडं रक्तात जाईल, पण रोजची पुडी नव्हे ती.

घरी आल्यावर यांना समजावताना मात्र मला डॉक्टरांची भाषा पुरेना. द्राक्षवाल्याला द्राक्षाच्या भाषेतच सांगावं लागतं. म्हटलं, गोळ्या म्हणजे आंतरप्रवाही औषध, झाडभर फिरणारं. हे इंजेक्शन म्हणजे स्पर्शजन्य, जिथं पडेल तिथंच काम. यांना झटक्यात कळलं. म्हणाले, "म्हणजे डावणी त्या पानावरची जाईल, बागेतनं नाही जाणार." (डावणी म्हणजे द्राक्षावरची बुरशी.) एमआरआयच्या रिपोर्टपेक्षा हे वाक्य माझ्या जास्त कामाला आलं.

स्टिरॉइड हे काही बाहेरचं विष नाही, हेही तेव्हाच वाचलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी आपल्या शरीरात रोज ते बनवतातच. अमेरिकेत मेयो क्लिनिकमधले डॉ. फिलिप हेंच यांच्या लक्षात आलं होतं की कावीळ झाली की, किंवा बाई गरोदर राहिली की, तिचा संधिवात तात्पुरता निवतो. म्हणजे शरीरातच काहीतरी औषध आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिसोन टोचलं आणि आठवड्याभरात ती बाजारात फिरून आली. दोनच वर्षांनी, १९५० ला, हेंच, केंडाल आणि राइशस्टाइन या तिघांना नोबेल. रोज टोचत राहिल्यावर काय काय होतं तेही मग लवकरच दिसलं, आणि १९५१ पासून औषध थेट सांध्यात सोडायची पद्धत आली. बाजारात फिरून आलेल्या त्या बाईचा मला उगाच हेवा वाटत राहिला.

इंजेक्शनच्या आधी क्षयाची तपासणी झाली, छातीचा फोटो आणि रक्त. आपल्या देशात एकाच बाजूचा सांधा सुजला असेल तर क्षयाचा संशय आधी फेडून घ्यावा लागतो, कारण जंतू असलेल्या सांध्यात स्टिरॉइड म्हणजे आगीत तेल. माझ्या उजव्या बाजूला थोडे ढग होते, डोळ्याचा इतिहास होता, जनुक होतं, तरीही करूनच घेतली. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, शुगर आहे का, गरोदर आहात का, कशाची अ‍ॅलर्जी, ताप आहे का, हे सगळं विचारून झालं. साडेनऊ हजार रुपये भरले.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार. पहाटे तासगावहून निघालो, कराडला चहा, खंबाटकीचा बोगदा. गाडीत दर तासाला उतरून चालायची माझी सवय, त्यामुळे पोचायला उशीरच. छोटी शस्त्रक्रियेची खोली, एसी कडक. पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. दुखण्यावर सुया मारणारे डॉक्टर वेगळे असतात, पेन स्पेशालिस्ट. ते, सिस्टर आणि तंत्रज्ञ, तिघांच्या अंगावर शिशाचे एप्रन. माझ्या कमरेवरून सी-आर्म, म्हणजे इंग्रजी सीच्या आकाराचं एक्स-रे यंत्र. गार बीटाडिन ओघळत बरगडीपर्यंत आलं. मग भोक पाडलेलं हिरवं कापड. "आता मुंगी चावेल," म्हणाले. चावली ती मुंगी नव्हती, गांधीलमाशी होती, पण दहा सेकंदांत जागा बधिर झाली.

मुख्य सुई बोटभर लांब. ती मला दिसली नाही, कळली. आत काहीतरी दाबत चाललंय, मधेच हाडाला टक्क, मग मागे घेऊन जरा तिरकी, पुन्हा टक्क. प्रत्येक वेळी यंत्राची टिक आणि डॉक्टरांचं "अजून जरा खाली." मान वळवून मला पडदा थोडा दिसत होता. राखाडी हाडं आणि त्यात एक काळी काडी. मग त्यांनी थेंब-दोन थेंब रंग सोडला आणि त्या काडीच्या टोकापासून एक बारीक काळी रेघ वर सरकत गेली, पेन्सिलीनं ओढावी तशी. "बघा, हा तुमचा सांधा." मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला बघत होते. २०१७ ला तो कुणीही बघितला नव्हता. नुसत्या बोटाच्या अंदाजानं सुई या सांध्यात जाणं फार क्वचित घडतं, इतका तो अरुंद आणि वाकडा आहे.

मग औषध. ट्रायमसिनोलोन, म्हणजे ते स्टिरॉइड, आणि ब्युपिव्हाकेन, दोन्ही मिळून जेमतेम दोन मिलिलीटर, चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. ते आत जाताना डाव्या कुल्ल्यात हुबेहूब रात्रीची कळ उठली. डॉक्टरांनी विचारलं, "हेच का तुमचं दुखणं?" मी म्हटलं, "हेच." डोळ्यांतून पाणी आलं ते दुखलं म्हणून नव्हे. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नेमक्या त्या ठिकाणी बोट ठेवलं होतं.

अर्ध्या तासानं उठवलं. डावा पाय जरा जड, मुंग्या. पण कंबर! मी जिना उतरून खाली कॅन्टीनला गेले, इडली खाल्ली, परत जिना चढून फाइल घ्यायला वर आले. यांनी विचारलं, "लिफ्ट होती ना?" मला जिनाच हवा होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं की हा आनंद ब्युपिव्हाकेनचा, भुलीच्या औषधाचा. तो संध्याकाळी उतरेल. स्टिरॉइडला लागायला दोन दिवस ते आठवडा. पण या उतरण्या-चढण्यालाही अर्थ असतो: बधिर केल्यावर दुखणं थांबलं, म्हणजे दुखत होतं ते हाच सांधा. तर तो आनंद कुठे उतरला ते मला पक्कं माहीत आहे. तेव्हा जाताना बोगदा असायचा, येताना घाट. खंबाटकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर कळ परतली, आणि घर येईतो आधीपेक्षा दुप्पट झाली.

शनिवार-रविवार वाईट गेले. तोंड कान लाल, जणू उन्हात शेंगा काढून आलेय. झोप नाही. कंबर ठणकत होती, बर्फाचा शेक चालू होता. सासूबाई उशाशी बसून म्हणायच्या, "सांगत हुते की न्हाई? पाठीत सुई म्हंजे वाईटच." मी वहीत नोंदी ठेवत होते. सकाळी कंबर किती मिनिटं धरलेली राहते ते आणि शून्य ते दहात दुखणं किती ते. इंजेक्शनआधी ७० मिनिटं आणि ७. शनिवारी ९० आणि ८. सोमवारी ६०. मंगळवारी ५०.

बुधवारी, डिसेंबरच्या एक तारखेला, पहाटे पावसाच्या आवाजानं जाग आली. डिसेंबरात पाऊस. हे आधीच उठून उघड्या दारात उभे होते. ऑक्टोबर छाटणीची बाग, मणी धरायची वेळ, आदल्याच दिवशी औषध मारलेलं. मी उठून त्यांच्याजवळ गेले, दोघं काही न बोलता पत्र्यावरचा पाऊस ऐकत राहिलो. बऱ्याच वेळानं यांनी विचारलं, "तू कशी आलीस?" मला प्रश्न कळेना. "म्हणजे, आवाज नाही केलास." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सरळ उठून आले होते. पलंगाची कड न धरता. परत जाऊन आडवी झाले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले, पुन्हा डावीकडे. हे दारातूनच म्हणाले, "तुझा फवारा लागला. माझा गेला धुऊन."

त्या वर्षी बागेनं रडवलं. मी मात्र त्या महिन्यात खडू पडला की वाकून उचलत होते, फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात आकृत्या काढत होते. तिसऱ्या आठवड्यात वहीत १० मिनिटं आणि २. व्यायाम दुप्पट केला. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, की दुखत नाही तोवर शरीर कमावून घ्या, सवड मिळालीय ती झोपून घालवू नका.

माझं बघून सासूबाईंचं मन फिरलं. "मला बी गुडघ्यात तसलीच सुई दे म्हणावं." त्यांचा गुडघा झिजेचा, दुखणं वेगळं, शिवाय शुगर. डॉक्टरांनी सांगितलं की आठवडाभर साखर चढेल, रोज बोट टोचून बघा. दुसऱ्या दिवशी ३१० निघाली, औषध वाढवावं लागलं, आठवड्यानं उतरली. गुडघा दोन महिने छान राहिला. त्या खूश. मी मात्र ते ३१० बघून हादरले होते. शुगरवाल्यांनी हे आधी विचारूनच घ्यावं, नंतर नव्हे.

माझ्या इंजेक्शनचा असर मार्चपर्यंत पुरता होता, एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत निम्मा, मे मध्ये कूस परत आली. जूनमध्ये दुसरं घेतलं. तसंच टेबल, तीच काळी रेघ, पण या वेळी सहा आठवडेच. तिसरं मागायला गेले तर डॉक्टरांनी नाही म्हटलं. एकाच सांध्यात वर्षात तीन-चारच्या वर देत नाहीत, आणि इतक्या लवकर असर ओसरतोय याचा अर्थ आजार आत पेटलेलाच आहे. यांच्या भाषेत, पानं पुसून भागणार नव्हतं. सप्टेंबर २०२२ पासून अ‍ॅडॅलिम्युमॅब, म्हणजे चुकून धावून जाणाऱ्या त्या प्रतिकारशक्तीलाच आवरणारं इंजेक्शन, चालू आहे, दर पंधरा दिवसांनी, पोटाच्या कातडीखाली, माझं मीच टोचते. त्याच्या आधी क्षयाची तपासणी पुन्हा. भारतीय कंपन्यांची आवृत्ती निघाल्यामुळे ते आम्हाला झेपतं, तरी पगाराच्या दिवशी आधी त्याचा हिशेब होतो. फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे तो डबा असतो. वीज दोन तासांहून जास्त गेली की घरातलं प्रत्येक माणूस फ्रीजच्या दाराला हात लावणाऱ्यावर ओरडतं.

आता मॅडम, तुमच्या दिरांचं. त्यांना विचारा, कोणत्या सांध्यात देणार आहेत आणि तो सांधा फिल्ममध्ये सुजलेला दिसलाय का. नुसती "कंबर" म्हणाले तर उठून या. यंत्रावर बघून देणार का, ते विचारा. औषधाचं नाव आणि मात्रा लिहून मागा, मी २०१७ ला मागितली नाही. सूज नसून नस दाबली गेली असेल तर इंजेक्शनची जागाच वेगळी, आणि तो विषय मला माहीत नाही. आणि पहिल्या दोन दिवसांत फोन करून मला शिव्या देऊ नका, पाचव्या दिवशी करा.

परवा शेजारच्या काकू पापड लाटायला आल्या होत्या. त्यांच्या सुनेचं नुकतंच सिझर झालंय. सासूबाई त्यांना अगदी मन लावून समजावत होत्या, "आमच्या हिची बी सिझरच्या सुईनंच कंबर अडकली हुती की. मग पुण्याच्या सुईनं सोडवली." मी आत चहा गाळत होते. बाहेर जाऊन दुरुस्त करावं असं क्षणभर वाटलं. मग खाली बसून, वाकून, कपाटाच्या खालच्या खणातून बशा काढल्या आणि चहा घेऊन गेले.